घेतली, दिली आणि कांबळे आक्का

आमच्या शाळेत बावीस शिक्षक होते आणि कांबळे आक्कांनी त्यांतल्या एकालाही कधी नावानं हाक मारली नाही. मी गणित. माझ्या शेजारी बसायचे ते भूगोल. मुख्याध्यापिका तेवढ्या मोठ्या बाई. "गणित, हिकडं या जरा," अशी हाक व्हरांड्याच्या त्या टोकाकडून आली की वर्गातली पोरं माना खाली घालून हसायची आणि मी खडू ठेवून निघायचो. एकदा नाही गेलो. तर आक्का माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "समीकरण काय पळून जात न्हाय. ऊन पळून जातंय."

त्या चित्रकला शिकवायच्या. शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाला काय किंमत असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी रजेवर गेलं की त्या तासाला पाठवायचं, फळ्यावर सुविचार लिहून घ्यायचा, पाहुणे यायचे असले की रांगोळी काढून घ्यायची. आक्का हे सगळं करायच्या. रांगोळी काढून झाली की पाहुण्यांना तिच्यावरून चालू मात्र द्यायच्या नाहीत. "पावणं, कडंनं या," म्हणायच्या, मग पाहुणे शिक्षणाधिकारी असोत की कोणी.

गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातले एक मुख्याध्यापक आमची शाळा बघायला आले होते. उचगावच्या कडेला, उसाच्या फडाला लागून असलेली आमची तीन मजली इमारत. वर्षभरात ती जेवढी वीज घेते त्याहून थोडी जास्तच परत देते, हे ऐकून ते आले होते. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. पॅनेल कुणी बसवले ते मी सांगितलं, मग म्हणालो, "पण केलं ते आमच्या चित्रकलेच्या बाईंनी." त्यांना वाटलं, मी भिंतीवरच्या चित्रांबद्दल बोलतोय. ते मान डोलावून म्हणाले, "छान काढलीत." त्या दिवसापासून आक्कांविषयी लिहावं असं मनात आहे.

आक्का उंच, काटक, रंगानं काळ्यासावळ्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात एक पेन्सिल. बोलणं खणखणीत. गडहिंग्लजच्या खालच्या अंगाचं, कर्नाटकाला टेकलेलं त्यांचं गाव. आमच्याकडच्या जुन्या बायकांप्रमाणे स्वतःविषयी बोलताना पुरुषांसारखं "मी येतो, मी बघतो" असं म्हणायच्या. नव्या आलेल्या एका शिक्षिकेनं त्यावर हसून दाखवलं, तेव्हा आक्का शांतपणे म्हणाल्या, "काम बापईगत करतो, बोलू पण तसंच दे की."

कुठल्याही खोलीत गेल्या की त्या आधी हाताचा पंजा टेबलावर धरायच्या आणि खाली पडलेली सावली बघायच्या. सावली कडक पडली, मऊ पडली, की पडलीच नाही, यावरून खोलीचा निकाल लागायचा. मी नोकरीवर हजर झालो त्या पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत सकाळी अकरा वाजता चार ट्यूब जळत होत्या. आक्का आल्या, पंजा धरला, बटणं बंद केली. खोलीत अंधार झाला. इतिहासाचे सर वह्या तपासत होते, ते वैतागले.

"आक्का, दिसत न्हाय."

"दिसंल कसं? खिडकीत कपाट हाय."

खरंच होतं. दोन मोठ्या खिडक्यांपुढे जुन्या उत्तरपत्रिकांची लोखंडी कपाटं किती वर्षांपासून उभी होती कोण जाणे. आक्कांनी इतिहास, भूगोल आणि नव्यानं आलेलं गणित अशा तिघांना कामाला लावलं. कपाटं आतल्या भिंतीला गेली. खिडक्यांच्या काचांवरची धूळ त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसली. उजेड आला तो थेट वह्यांवर. आक्का म्हणाल्या, "दिवसाढवळ्या ट्यूब लावायची म्हणजे सूर्याला नापास केल्यागत हाय. त्याचा पेपर तरी बघा आधी."

त्यांचे वडील रंगारी होते. घरं, देवळं, शाळा, जे मिळेल ते रंगवायचे. लहानपणी आक्का चुन्याची बादली धरून त्यांच्याबरोबर हिंडल्या होत्या. एकदा डबा खाताना त्या मला सांगत होत्या, "आप्पांनी किती शाळा रंगवल्या, पण भायेरनं. आत बसायला त्यांना मिळालं न्हाय. मला मात्र त्यांनी आत नेऊन बसवलं. पहिल्या दिवशी मास्तरांना म्हणाले, हिला खिडकीजवळ बसवा." एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली.

खरी गोष्ट सुरू झाली ती बऱ्याच वर्षांनी, एक फेब्रुवारी संपता संपता. आमचा तिसरा मजला नवा होता. वर नुसता सिमेंटचा स्लॅब, दुपारी तवा व्हायचा. दुपारच्या तासाला मी नववीला बीजगणित शिकवत होतो आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी बसल्या जागी कलंडली. चक्कर आली होती. तिला खाली आणून पाणी मारलं, लिंबू-सरबत दिलं, ती सावरली. पण त्याच आठवड्यात आणखी दोन मुलींना तसंच झालं आणि पालक ओरडत आले.

संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. उसाची शेती, दुधाचा धंदा, पंचक्रोशीत वजन. माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही अडचण आली की काहीतरी नवं बसवून मोकळं व्हायचं ही त्यांची रीत. त्यांनी बैठक बोलावली. "वरच्या मजल्यावर इंग्रजी माध्यमाचं चार वर्ग हैत," ते म्हणाले. "तिथं एसी बसवून टाकू. पालकांची मागणीच हाय."

आक्का मागं बसल्या होत्या. "आणि त्याच मजल्यावरचं मराठीचं चार?"

"तिथं पंखं हैत की."

"आबा, चक्कर येऊन पडल्या त्या तिन्ही पोरी मराठी माध्यमाच्या. ऊन काय माध्यम विचारून आत येतंय?"

मोठ्या बाई टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिल्या. आबांच्या कपाळाची शीर उठली, पण आवाज न चढवता ते म्हणाले, "मग तुम्हीच सांगा बाई काय करायचं ते. का चित्र काढून दावणार?"

"दावतो की," आक्का म्हणाल्या. "पंधरा दिवस द्या. तंवर गच्चीवर कोण चढू नका."

ते पंधरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. आक्कांनी वर्गावर्गातून निरोप दिला होता: घरात फुटकी फरशी, फुटका कप, फुटकी बशी असेल तर आणा. पांढरी असेल तर फारच चांगलं. पोरांनी पिशव्या भरभरून तुकडे आणले. उचगावात फरशीची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या ढिगातून दोघा पोरांच्या वडिलांनी टेम्पोभर तुकडे आणून टाकले. शाळा सुटली की चार पोरांच्या गवंडीकाम करणाऱ्या आया, आक्का आणि मी असे गच्चीवर. मी चुना कालवायला. पहिल्याच दिवशी हात भाजला, तेव्हा आक्कांनी खोबरेल तेल लावलं आणि म्हणाल्या, "चुना रागीट असतोय. त्याला पाण्यात घालायचं, पाणी त्याच्यात न्हाय." त्यांनी अर्धीच गच्ची केली. खाली चुन्याचा थर, त्यावर पांढरे तुकडे बसवलेले, सांधे घोटून काढलेले. दुसरी अर्धी होती तशी, पावसाशेवाळानं काळीभोर झालेली, ठेवली.

"सगळी का न्हाय करत?" मी विचारलं.

"आबांना अर्धीच पुरंल."

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला आबांना वर आणलं. बरोबर मोठ्या बाई, मी आणि संस्थेचे दोन सभासद. आबांच्या पायात करकर वाजणाऱ्या चपला. आक्का म्हणाल्या, "चप्पल काढा, आबा."

"आं?"

"चप्पल काढा आणि त्या काळ्या बाजूला चार पावलं चालून दाखवा."

आबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही आकाशाकडे बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या, काळ्या स्लॅबवर पाय ठेवला आणि दुसऱ्या पावलाला "आई गं" म्हणत उडी मारली. धोतराचा सोगा हातात धरून ते तसेच उड्या मारत पलीकडे गेले आणि पांढऱ्या बाजूला पाय लागल्यावर थांबले. सभासद हसू दाबत होते. आबा हसत नव्हते. ते खाली बघत होते. एक पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. मग तिथंच उभे राहिले, बराच वेळ.

"हे बी उन्हातच हाय न्हवं?"

"एकाच उन्हात," आक्का म्हणाल्या. "ह्या अर्ध्याच्या खालचा वर्ग बघून येऊ या का? आणि मग त्या अर्ध्याच्या खालचा?"

आबा दोन्ही वर्गांत जाऊन बसले. बाकावर, पोरांच्या जागी. बाहेर आले तेव्हा त्यांनी एसीचा विषय काढला नाही. पण एवढ्यावर थांबतील तर त्या आक्का कसल्या. आमची एक माजी विद्यार्थिनी, मेघना, सौर पॅनेल बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. आक्कांनी तिला बोलावून घेतलं होतं. तिनं गच्ची मोजली, वर्षाची बिलं बघितली आणि जरा नाराजीनं म्हणाली, "आक्का, ह्या गच्चीवर बसतील तेवढे सगळे पॅनेल बसवले तरी शाळा वापरते त्याच्या निम्मीच वीज होईल. जागाच तेवढी आहे."

"म्हणजे शाळेनं निम्मीच वापरली तर?"

मेघना हसली. "तर मग बरोबरी होईल. पण तसं कुणी करत नाही, आक्का. सगळे पॅनेल वाढवायचं बघतात."

"गळक्या घागरीला मोठा नळ कशाला?" आक्का म्हणाल्या. आणि तिथंच, आबांकडे वळून त्यांनी सांगून टाकलं. "एक वर्ष द्या. शाळा जेवढी वीज घेईल तेवढी परत देईल. न्हाय जमलं तर एसी बसवा. पहिलं बटण मी स्वतः दाबतो."

आबा व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "दिलं. पण मे महिन्यात शाळेत कुत्रं नसतंय. तवाची वीज मोजून मला गंडवायचं न्हाय. जूनला घंटा झाल्यापास्नं एप्रिलच्या शेवटच्या पेपरपतोर. भर शाळेतला हिशेब."

"चालंल," आक्का म्हणाल्या. मेघनाचा चेहरा उतरलेला मी बघितला. जिन्यात ती मला हळूच म्हणाली, "सर, सगळ्यांत जास्त ऊन मे महिन्यातच असतं. हे जमणं अवघड आहे."

माजी विद्यार्थ्यांनी पॅनेल दिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत उरलेली गच्ची पांढरी झाली, वर पॅनेलच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि नवा मीटर आला. त्याच्यावर दोन आकडे दिसायचे. बाहेरून किती वीज घेतली तो एक, आणि शाळेनं बाहेर किती दिली तो दुसरा. आक्कांनी फाटकाजवळ एक फळा लावला, त्यावर ठळक अक्षरांत दोन रकाने केले, "घेतली" आणि "दिली", आणि दर शनिवारी आकडे लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

जून ते सप्टेंबर. कोल्हापूरचा पाऊस कुणाला सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नव्हता. "घेतली" भराभर पुढं निघाली, "दिली" मागं रांगत राहिली. शिक्षकांच्या खोलीत चेष्टा सुरू झाली. भूगोल म्हणाले, "आक्का, तुमचा सूर्य रजेवर गेला जणू."

"हक्काची रजा हाय," आक्का म्हणाल्या. "आल्यावर भरून काढंल. तवर आपण हजर ऱ्हाऊ."

आणि त्या हजर राहिल्या. पावसाळाभर त्यांनी शाळा नुसती चाळून काढली. वर्गांच्या भिंतींना छताजवळ झरोके होते, ते कुणीतरी प्लायवूड ठोकून बंद केले होते. ते उघडले. गरम हवा वर जाऊन बाहेर पडायला लागली आणि पंखे निम्म्या वेगावर आले. छतं पांढरी केली, त्यामुळं आभाळ भरलेलं असतानाही बाकांवर उजेड पडायचा. संगणकाच्या खोलीत तास नसतानाही यंत्रं चालू असायची, त्या खोलीची किल्ली आक्कांनी कमरेला लावली. पाण्याची टाकी रोज भरून वाहायची. पंप बंद करायला शिपाई शामराव विसरायचे. आक्का त्यांना रागावल्या नाहीत. त्यांनी टाकीत तरंगणारा चेंडू बसवून घेतला, तो वर आला की पंप आपोआप बंद. शामरावांना म्हणाल्या, "आता इसरा खुशाल." जुने पंखे एकेक करून निघाले, कमी वीज खाणारे आले.

राहिला मोठ्या बाईंच्या खोलीतला एसी. शाळेत तो एकच होता आणि त्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती. आक्काही बोलल्या नाहीत. एक दिवस त्यांनी मोठ्या बाईंना वरच्या मजल्यावरच्या नववीच्या वर्गात तपासणीला बोलावलं. मोठ्या बाई तासभर मागच्या बाकावर, झरोक्याच्या वाऱ्यात बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीची खिडकी उघडी होती. एसीचा रिमोट त्यांनी शामरावांकडं देऊन टाकला होता आणि कुठं ठेवला ते विचारायचं नाही असं बजावलं होतं.

ऑक्टोबरचं ऊन पडलं. दिवाळीच्या सुट्टीत "दिली" धावत सुटली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दोन आकड्यांमधलं अंतर निम्म्यावर आलं, तेव्हा पाचवीच्या पोरांनी फळ्यापुढं शिट्ट्या मारल्या. आणि मग अंतर कमी व्हायचं थांबलं. ऊन चांगलं, शाळा काटकसरीत, तरी "दिली" रोज थोडी कमीच. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. मेघनानं येऊन तारा तपासल्या. काही सापडेना.

आक्कांना सापडलं. त्या गच्चीवर गेल्या आणि खाली येऊन माझ्यापुढं तळहात धरला. काळा. "माझी पांढरी गच्ची करडी झालीया," त्या म्हणाल्या. "ऊस लागलाय गाळपाला." कारखान्याची धुराडी पेटली की आमच्या भागात वाऱ्याबरोबर काजळी येते. वाळत घातलेल्या धोतरावर पडते, अंगणातल्या शेवग्यावर पडते. ती पॅनेलवरही पडत होती, हे आम्हा शिकलेल्या माणसांच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा, ऊन तापायच्या आधी, आक्का पदर खोचून पॅनेल पुसायला वर. त्यांचं वय सत्तावन्न. पहिल्या दिवशी त्या आणि मी. दुसऱ्या खेपेला इतिहास आले, म्हणाले, "फिरायला निघालोच होतो." तिसऱ्या खेपेला भूगोल. जानेवारीपर्यंत शिक्षकांच्या खोलीतले निम्मे लोक हातात ओलं फडकं घेऊन गच्चीवर असायचे, आणि आक्का एकेकाला ओरडत असायच्या. "संस्कृत, कोपरं सुटली तुमची."

मग आलं स्नेहसंमेलन. दरवर्षी ते संध्याकाळी व्हायचं, मोठमोठे दिवे लावून, रंगीत झोत टाकून. त्या एका दिवसात शाळा आठवड्याची वीज खायची. आक्का म्हणाल्या, संमेलन सकाळी घेऊ. पोरी रडायला लागल्या. दहावीच्या मुली शिष्टमंडळ घेऊन आल्या. "आक्का, उन्हात नाच कसा दिसणार? लायटिंग नको?"

"लायटिंग मी देतो," आक्का म्हणाल्या. "तुमच्या आयांना सांगा, रविवारी येताना एकेक साडी जादा आणायची. झिरझिरीत, एकरंगी."

रविवारी सकाळी मैदानात रंगमंच पूर्वेकडं तोंड करून उभा केला होता. त्यावर बांबूचा उंच मांडव, आणि मांडवावर दोरीनं ओढून घेता येतील अशा साड्या. लाल, पिवळी, जांभळी, मोरपंखी. मागचा पडदा पांढराशुभ्र. ऊन वर चढलं. लावणीला शामरावांनी लाल साडी ओढली आणि सबंध रंगमंच डाळिंबाच्या दाण्यासारखा झाला. कोळीनृत्याला मोरपंखी ओढली तेव्हा मुलींच्या चेहऱ्यांवर, हातांवर, पांढऱ्या पडद्यावर पाणी हलल्यासारखं दिसायला लागलं, कारण वाऱ्यानं साडी हलत होती. असली हलती लायटिंग आम्ही कधी भाड्यानंही आणली नव्हती. बायाबापड्या आपापली साडी ओळखत होत्या. "ती बघ, माझी," असं मागून ऐकू यायचं. आबा पहिल्या रांगेत बसले होते. ते मध्येच उठून मागं गेले आणि थोड्या वेळानं परत आले. नंतर कळलं, ते घरी फोन करून मालकिणीला साडी घेऊन बोलावत होते.

मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेचं केंद्र आमच्याकडं. बाहेरगावची मुलं, सगळे वर्ग भरलेले, सगळे पंखे चालू. आक्का म्हणाल्या, "पोरांना घाम येता कामा नये. पंखं फुल्ल सोडा." मी फळ्याकडं बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "गणित, पोरांसाठी शाळा हाय. फळ्यासाठी न्हाय." त्या महिन्यात "घेतली" पुन्हा पुढं सरकली.

एप्रिल उजाडला. वार्षिक परीक्षा, कडक ऊन, सकाळची शाळा. रोज अंतर कमी होत होतं आणि रोज दिवस कमी होत होते. शेवटच्या आठवड्यात मी शनिवारची वाट न बघता रोज आकडा लिहायला लागलो. पालक पोरांना सोडायला यायचे ते फळ्यापाशी थांबायचे. फाटकासमोरचा चहावाला तर गिऱ्हाइकांना चहाबरोबर आकडा सांगायचा.

शेवटचा पेपर संपला त्या दिवशी आबा स्वतः आले. मीटरच्या खोलीपुढं पोरांचा, मास्तरांचा, आयांचा गराडा. मी आत गेलो. दोन्ही आकडे वहीत लिहिले. जूनचे आकडे वजा केले. उत्तर आलं त्यावर विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा केलं. वीस वर्षं पोरांना वजाबाकी शिकवणारा मी, तिसऱ्यांदा केली ती बोटं मोजून. बाहेर येऊन वही आबांच्या हातात दिली. आबांनी चष्मा चढवला, वाचलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "अकरा युनिट जादा. शाळेनं जादा दिल्यात."

त्यानंतरचा गलका मी काय वर्णन करू. पोरांनी दप्तरं वर फेकली. मेघना हसता हसता रडत होती. भूगोलानं इतिहासाला उचललं. शामरावांनी कुणी न सांगता अडगळीतली जुनी पितळी घंटा बडवायला घेतली आणि ती थांबवेचनात. आबा आक्कांपुढं जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, मी हरलो. एवढा आनंद मला जिंकून बी कधी झालाला न्हाय."

आक्का पायरीवर बसल्या होत्या. शाळेत त्यांना पायरीवर बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आप्पा असायला पायजे हुते." मग उठल्या, आणि आबांना म्हणाल्या, "वरचं आठ वर्ग पुढच्या साली माध्यम बघून वाटायचं न्हाय. खिडकी बघून वाटायचं. कमी दिसतंय त्या पोरांना उत्तरेची, तिथं उजेड दिवसभर सारखा असतोय."

"तुम्ही म्हणशीला तसं," आबा म्हणाले. आणि तसंच झालं. आजही वर्ग तसेच आहेत.

त्याच ऑगस्टच्या अखेरीला आक्का निवृत्त झाल्या. निरोप समारंभ दुपारी चारला ठेवला होता. हॉलमध्ये सगळे जमले, शाल-श्रीफळ, हार, माइक. आक्कांचा शेवटचा तास सातवीवर होता, पावणेचारला संपणारा. चार वाजले, सव्वाचार झाले, आक्कांचा पत्ता नाही. माइकवरून नाव पुकारायला गेले तर माइक बंद. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की वीज गेली आहे. बाहेरची वीज गेली की आमचे पॅनेलही थांबतात, दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तशी सोयच असते. घंटा विजेची, ती वाजलीच नव्हती. आक्कांना घेऊन यायला मला पाठवलं.

सातवीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या अंगाला. बाहेर भुरभुर पाऊस, आभाळ राखाडी. मी दारात जाऊन थांबलो. चाळीस पोरं माना खाली घालून चित्र काढत होती. पंखे बंद होते, पण झरोक्यांतून वारा येत होता आणि कागदांचे कोपरे हलत होते. पांढऱ्या छतावरून उजेड खाली सगळ्या बाकांवर सारखा उतरला होता. वीज गेल्याचं त्या खोलीत कुणालाही कळलेलं नव्हतं.

माझ्यामागं करकर आवाज झाला. आबा जिना चढून आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"लाइट गेलीया, सांगितलं न्हाईस त्यांना?"

"त्यांच्या ध्यानातच आलं न्हाय, आबा."

"मग नको सांगू," ते म्हणाले. "बसतील पावणे खाली."

आक्का एका मुलीच्या बाकाशी वाकल्या होत्या. मुलीनं पेरू काढला होता. आक्कांनी अंबाड्यातली पेन्सिल काढून तिच्या हातात दिली, पेरूच्या एका बाजूवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "हितं काय रंगवू नकोस. हितं ऊन बसलंय, बसू दे."